रात्री दोन ते पाच या वेळेचं तुम्ही काय करता?

गिरणाकाठ | १७ मे, रात्री २:५२

शीर्षकातला प्रश्न खराखुरा आहे.

वय ४३, जळगाव, शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस निघाला, आपल्याकडे ज्याला सरसकट आमवात म्हणतात तो. त्याआधी वर्षभर 'वारं लागलं असेल', 'कुलरसमोर झोपू नको' असंच चाललं होतं. आता दर रविवारी मेथोट्रेक्सेट, सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज स्टेरॉइडची एक छोटी गोळी. सकाळी पाणी भरणं, डबे, शाळेची घाई, म्हणून रोजच्या गोळ्या मी रात्री जेवल्यावर एकदम घेऊन टाकते. दुखणं त्या मानाने आटोक्यात आहे. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, पहिल्या तासाला फळ्यावर मुलांनाच लिहायला लावते. मुलांना वाटतं बाई लाड करतात.

झोपेचं मात्र काही खरं नाही. अकराला डोळा लागतो आणि दोनला टक्क जाग. सध्या सगळे गच्चीवर झोपतो. दिवसभर ४४-४५ अंशांत भाजलेली गच्ची पाणी मारलं तरी बारापर्यंत वाफ सोडते, म्हणून आधी वाटलं उकाड्याने होतंय. पण डिसेंबरातही हेच होतं. शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर ओळीने माणसं झोपलेली दिसतात आणि मी एकटी गुरख्यासारखी जागी.

पाचपर्यंत डोक्यात काय काय येतं ते सगळं लिहीत नाही. जीव द्यावा असं वाटत नाही, पण उद्या जागच आली नाही तर बरं, असं बऱ्याचदा वाटतं. 'नैराश्य' हा शब्द अजून घरात उच्चारलेला नाही.

हळदीचं दूध, शतपावली, तळपायाला तेल, मोबाईल दूर ठेवणं हे सगळं करून झालंय. (मोबाईल आत्ता हातात आहे, कबूल.) मला उपाय नकोत. त्या तीन तासांचं तुम्ही काय करता, तेवढं सांगा.

शेवभाजी | १७ मे, रात्री ३:०५

फ्रीज उघडतो, बंद करतो. दहा मिनिटांनी परत उघडतो. आत काही नवीन आलेलं नसतं.

केळीवाला_सावदा | १७ मे, रात्री ३:३१

ताई, शेतीच्या लाईटीची रात्रपाळी असली की दोन ते पाच आम्ही बागेतच असतो. मोटार चालू करायची, फिल्टर धुवायचा, ठिबकची नळी कुठे उंदराने कुरतडली ते बॅटरी लावून बघायचं. आमच्या यावल-रावेरकडे आता बिबट्याही असतो, त्यामुळे मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून ठेवतो. बिबट्याला आवडतात की नाही माहीत नाही, अजून समोर आला नाही.

पण दिवसपाळी असली तरी झोप नाहीच. चौदा वर्षांची शुगर. केळी पिकवायची आणि स्वतः खायची चोरी! शुगर वाढली की रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठायचं, त्यात तळपायाची आग. ओल्या मातीत पाय ठेवून बसायचो, बरं वाटायचं. डॉक्टरांना सांगितलं तर ओरडले. म्हणाले, पायाला लागलेलं तुला कळत नाही, उद्या काटा रुतून सडला तर?

त्यांनी ड्युलोक्सेटिन नावाची गोळी दिली. मेडिकलवाला चार लोकांत म्हणाला, ही डिप्रेशनची पण असते बरं का दादा. लाजेने आठवडाभर घेतली नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की शिरांच्या आगीवरही तीच चालते. तेव्हा घेतली. महिनाभराने आग कमी झाली आणि वर बायको म्हणाली की तुम्ही हल्ली गड्यांवर ओरडत नाही. मग मीच विचारात पडलो की नेमकं बरं काय झालं.

उजेड | १७ मे, सकाळी ८:२०

ताई, सगळा मनाचा खेळ आहे. चांगले विचार करा, पहाटे उठून ध्यान करा. रिकामं डोकं असलं की असं होतं. आमच्या आजीने दिवसभर कापूस वेचला, तिला कधी नैराश्य आलं नाही.

मनमौजी | १७ मे, सकाळी ८:४४

आजीला विचारलं होतं का कुणी?

अखाजी | १७ मे, सकाळी ९:१५

मनमौजींना +१. माझी आजी पण अमळनेरकडची, दिवसभर शेतात. रोज रात्री ओसरीवर बसून राहायची, आम्ही लहान होतो, वाटायचं म्हातारी राखण करतेय. विचारलं की म्हणायची, 'बठ्ठं (सगळं) आंग दुखस माय, झोप येत नही.' एवढंच. चाळीस वर्षं एवढंच म्हणाली. तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता, म्हणून ते दुखणं अंगाच्या खात्यावर जमा झालं.

उजेड, ध्यानाला विरोध नाही. पण बाई दोनपासून जागी आहे, तिला तुम्ही पहाटे उठायला सांगताय.

धुळेकर_मामा | १७ मे, दुपारी १:०२

संधिवातावर आमच्याकडे एक जण पुड्या देतो, लेबल-बिबल काही नाही. माझ्या मोठ्या बहिणीला आठ दिवसांत फरक पडला, पळायला लागली. पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

तापीपार | १७ मे, दुपारी ३:४०

मामा, कृपया पत्ता देऊ नका. पेशाने डॉक्टर आहे, इथे नाव लावत नाही. विनालेबलच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं. आठ दिवसांत पळायला लावणारं तेच असतं. बहिणीचा चेहरा गोल होतोय का, वजन, शुगर, बीपी वाढलंय का, ते बघा. आणि हे वाचून पुड्या एकदम बंदही करू नका, महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. आधी दाखवा.

गिरणाकाठ, तुम्ही उपाय नकोत म्हणालात तरी तीन गोष्टी सांगतो, रागावू नका.

स्टेरॉइडची गोळी रात्री का घेता? साधी प्रेडनिसोलोन असेल तर ती बहुधा सकाळी नाश्त्याबरोबर देतात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटे वाढून सकाळी शिखरावर असतं, त्या लयीला धरून. रात्री घेतली तर बऱ्याच जणांची झोप उडते. काही खास कारणाने तुम्हाला रात्री लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून स्वतःहून बदलू नका, विचारा. दुसरं, आमवातातला दाह रात्री उशिरा आणि पहाटे चढतो, म्हणूनच सकाळी बोटं धरतात. म्हणजे तुमची जाग नुसती मनाची नाही आणि नुसती अंगाचीही नाही. दुखलं की झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, आणि या दोन्हींत मन खचतं. कुठून सुरू झालं ते शोधत बसण्यापेक्षा जिथे हात पोचतो तिथून सोडवायला घ्यायचं.

तिसरं. 'जागच आली नाही तर बरं' हे वाक्य तुमच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. 'थोडं टेन्शन आहे' असं पातळ करून सांगू नका. आणि अशा रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि बहुतेकांना माहीतच नसतो. विचार 'जीव द्यावा' इथपर्यंत गेला तर सकाळची वाट बघू नका, घरच्यांना उठवा आणि इमर्जन्सी विभाग गाठा.

लाल_सिग्नल | १७ मे, रात्री ११:१८

भुसावळ. मालगाडीचा ड्रायव्हर म्हणून ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. तुम्ही विचारता दोन ते पाच काय करता. आम्हाला पगारच त्याचा मिळायचा!

सुरुवातीच्या काळात ड्यूटी लागली की घरी कॉलबॉय यायचा. रात्री एकला दारावर थाप, वहीवर सही, की निघालो. कधी सकाळी सहाला घरी, कधी रनिंग रूममध्ये भर दुपारी पडदे ओढून झोपायचा प्रयत्न. ड्रायव्हरला सगळ्यात अवघड वेळ तीन ते पाच. रूळ डोळ्यांसमोर सरकत असतात आणि डोकं आतून बंद होत जातं. आम्ही असिस्टंटबरोबर प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारायचो, नियमही आहे तो आणि गरजही.

निवृत्त झालो तर वाटलं आता मनसोक्त झोपू. कुठलं! शरीर अजून कॉलबॉयची वाट बघतं. दोन वर्षं उदास होतो, पेपर वाचावासा वाटेना, नातवंडं आली तरी खोलीत बसून. सगळे म्हणाले रिटायरमेंटचं आहे, होईल सवय. शेवटी मुलाने झोपेची तपासणी करवली. झोपेत श्वास अडकत होता, तासाला तीसच्या वर वेळा. बायको आयुष्यभर म्हणत आली की तुम्ही इंजिनासारखं घोरता, मला तो कौतुकाचा भाग वाटायचा. आता रात्री मास्कचं मशीन लावतो. पहिल्या महिन्यात नातू घाबरला होता, आता त्याला तो पायलटचा मास्क वाटतो.

तरी अधूनमधून तीनला जाग येते. तेव्हा खिडकीत बसून लाईनीवरची गाडी आवाजावरून ओळखतो. वॅग-५ आणि वॅग-९ ही इंजिनं डोळे मिटून सांगता येतात. अर्ध्या तासात डोळे जड होतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

शेवभाजी | १७ मे, रात्री ११:४०

काका, हा वेगळा धागा होईल. लिहाच.

सातपुड्याची_लेक | १८ मे, पहाटे ४:०६

मी नंदुरबार जिल्ह्यातली, धडगावच्या बाजूची, वय २७. सिकलसेल आहे, वाहक नाही, पूर्ण आजार. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. थंडी, पाणी कमी पिणं, ताप किंवा जास्त दगदग, यातलं काहीही निमित्त पुरतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडात कुणी सळई फिरवावी तसं दुखतं. हायड्रॉक्सियुरिया सुरू झाल्यापासून असे दिवस कमी झाले. आधी महिन्याला एकदा, आता वर्षातून दोन-तीनदा.

दुखतं त्या रात्रीपेक्षा न दुखणारी रात्र मला जास्त छळते. झोपले की वाटतं, आता सुरू होईल. पाय जरा मुंगळला तरी उठून बसते. दुखत असताना निदान काय करायचं ते माहीत असतं: पाणी प्यायचं, गरम कपडा, गोळी, नाही थांबलं तर दवाखाना. न दुखणाऱ्या रात्रीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आणि दवाखान्याचं म्हणाल तर, एकदा रात्री नेलं तेव्हा ड्यूटीवरची बाई म्हणाली, हिला इंजेक्शनची सवय लागलीय, नाटकं करते. वडील तिथेच उभे होते. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, सगळीकडे एक तरी अशी भेटते. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आहे, पण मला बघून कोण म्हणेल!

मी दोन ते पाच गोधडी शिवते. आईच्या जुन्या लुगड्यांची. बोटाला काम असलं की पायाकडे लक्ष जात नाही. तीन झाल्यात. चौथी कुणाला द्यायची प्रश्नच आहे, उन्हाळ्यात कुणी घेत नाही.

गिरणाकाठ | १८ मे, पहाटे ४:१९

मला दे. जळगावच्या मे महिन्यात अंगावर घेणार नाही, पण दे.

मनमौजी | १८ मे, सकाळी ९:०५

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून विचारतो, वांग्याने वात वाढतो का? आमच्या आईला गुडघेदुखी आहे आणि सगळ्यांनी मिळून तिचं भरीत बंद केलंय. भरीत बंद झाल्यापासून गुडघे तेवढेच दुखतात आणि ती घरात कुणाशी बोलत नाही.

धुळेकर_मामा | १८ मे, सकाळी ९:३०

वांगं वातूळच. पण खानदेशी बाईचं भरीत तोडणं पाप आहे. हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, बरोबर कळण्याची भाकरी. आठवड्यातून एकदा द्या.

अवांतर: बहिणीला आज शासकीय रुग्णालयात घेऊन चाललोय. तोंड खरंच सुजलेलं आहे, आम्हाला वाटलं तब्येत सुधारली.

तापीपार | १८ मे, सकाळी १०:१२

वांग्याने आमवात वाढतो असा ठोस पुरावा नाही. एखाद्याला खाल्ल्यावर त्रास वाटत असेल तर त्याने सोडावं, सगळ्यांनी नाही. मनमौजी, आईला भरीत द्या, ही डॉक्टरची चिठ्ठी समजा.

मामा, उत्तम केलंत. पुडी बरोबर न्या.

नवरा_चाळीसगाव | १९ मे, रात्री १:५५

मी आजारी नाही, बायको आहे. थायरॉईड आणि नैराश्य, दोन्हीची औषधं चालू आहेत. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई होती, देवीचा सण. रोटांचं दळण, सगळी भाऊबंदकी जमणार, आणि ही खाटेवरून उठेना. पाय जड, डोळे उघडे, पण उठवत नाही म्हणाली. बायकांनी कुजबूज सुरू केली की हिला बाहेरचं आहे. एक काकू तर भगताचा नंबर घेऊन आल्या. मी काय केलं? मीही चिडलो. म्हणालो, वर्षातून एक दिवस, तेवढंही होत नाही? ते वाक्य आता परत घेता येत नाही.

नंतर डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद तिच्याकडून भरून घेतला, पीएचक्यू-९ म्हणतात. २७ पैकी १९ गुण आले. मला गुणपत्रिका कळते. (मीही शिक्षकच आहे, गिरणाकाठ.) तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की हा आळस नाही. गोळ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही, उलट मळमळ. ती सोडणार होती. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वतःहून चहा टाकला. मी ओट्यापाशी जाऊन उगाच उभा राहिलो.

दोन ते पाच ती जागी असते तेव्हा मी झोपलेलो असतो, खरं तेच सांगतो. एकदा विचारलं, उठवत का नाहीस? म्हणाली, उठवून काय सांगू? म्हणून हा धागा वाचतोय. काय सांगतात ते कळावं म्हणून.

अखाजी | १९ मे, सकाळी ७:४८

काही सांगत नाहीत दादा. नुसतं जागं राहायचं असतं बरोबर, तेही रोज नाही. अहिराणीत सांगू? हाई बठ्ठा घरमा शे, कोनी सांगत नही.

उजेड | १९ मे, सकाळी ९:३३

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल. काल आईला विचारलं आजीबद्दल. आई म्हणाली, दोन बाळंतपणांनंतर आजी वर्ष-वर्ष कुणाशी बोलत नव्हती, तिला माहेरी ठेवलं होतं. मला हे माहीत नव्हतं. प्रतिसाद काढून टाकता येतो का?

मनमौजी | १९ मे, सकाळी ९:४१

राहू दे. त्याच्याखालची चर्चा चांगली झालीय.

शेवभाजी | २० मे, रात्री २:२०

एक खरं सांगतो, विनोद पुरे. मी दोन वर्षं झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेतोय. सुरुवात एका चिठ्ठीने, पंधरा दिवसांसाठी. पुढे मेडिकलवाला ओळखीचा. आधी अर्धी, मग एक, आता एकने काही होत नाही. परवा संपली, मिळाली नाही, तर हात थरथरायला लागले आणि दोन रात्री अजिबात डोळा नाही. म्हणून फ्रीज.

तापीपार | २० मे, सकाळी ६:५०

बरं झालं लिहिलंत. अचानक थांबवू नका, फिटसुद्धा येऊ शकते. आजच, उद्या नाही, मानसोपचार विभागात जा आणि किती, किती दिवस, शेवटची कधी घेतली, सगळं खरं सांगा. हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करतात. वाटेत दमछाक होते, पण सुटते.

जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी वर्तनोपचार द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय. त्यातला घरी करण्याजोगा भाग: जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही असं वाटलं, की अंथरूण सोडायचं. घड्याळ बघायचं नाही. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, हे डोक्यात बसलेलं गणित मोडायचं असतं.

आता बघा, काकांची खिडकी आणि सातपुड्याच्या लेकीची गोधडी यापेक्षा वेगळं काय आहे? फक्त फ्रीजचा उजेड फार आणि आत शेवभाजी असते.

केळीवाला_सावदा | २० मे, सकाळी ७:१५

ठिबकचा फिल्टर धुणं कंटाळवाण्यात बसतं का?

तापीपार | २० मे, सकाळी ७:२१

बिबट्या नसेल तर बसतं. बूट घालून.

गिरणाकाठ | २९ जून, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. पाऊस सुरू झाला, गच्चीवरून खाली आलो, शाळाही सुरू झाली.

डॉक्टरांकडे गेले. स्टेरॉइड सकाळी घ्यायची असं चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेलं होतं, सहा वर्षं मीच वाचलं नव्हतं. गणिताची बाई! रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४, लोहही कमी. रात्री पाय वळवळतात ते त्यानेही असू शकतं म्हणाले, लोहाची गोळी चालू आहे. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनीच मानसोपचाराकडे चिठ्ठी दिली, पाच आठवडे झाले गोळी चालू होऊन.

मधे एका रात्री १४४१६ लावला होता. फार काही बोलले नाही, नुसतं रडले. पलीकडची बाई थांबून राहिली.

घरात शब्द उच्चारला. नवरा म्हणाला, मला इतके दिवस वाटत होतं तू माझ्यावर चिडलीस. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, 'याची गोळी तरी सकाळची की रात्रीची, नीट वाच.'

बोटं अजून धरतात. उदास दिवस आहेत, पण मधे मोकळे दिवस येतात. दोनची जाग आता चारवर आलीय. तेव्हा प्रश्न बदलते: चार ते पाच काय करायचं?

सातपुड्याची_लेक | २९ जून, रात्री १०:२६

गोधडी तयार आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

शेवभाजी | २९ जून, रात्री १०:४०

माझी पाऊण गोळी उरलीय. रोज झोप येते असं नाही. फ्रीजला मात्र आराम आहे.

केळीवाला_सावदा | ३० जून, पहाटे ४:१२

चार ते पाच माझ्याकडे लागलं. पावसाने मोटार बंद आहे, मोकळाच बसलोय. ताई, उठल्या का?